पहाटे साडेपाचला उलटणारा दिवस

तुम्ही विचारलंत म्हणून. नव्यानं आलेल्या पोरांपासून साहेबांपर्यंत सगळे हेच विचारतात: ग्राफानाच्या डॅशबोर्डवर आयते आलेख दिसत असताना तुम्ही इन्फ्लक्सच्या, म्हणजे वेळेनुसार नोंदी साठवणाऱ्या डेटाबेसच्या, काळ्या पडद्यावर हातानं क्वेरी (डेटाला विचारायचा प्रश्न) का बडवत बसता? आजवर 'सवय' म्हणून वेळ मारून नेली. सवय नाही ती.

इन्फ्लक्सला विचारायच्या वाटा किती आहेत ते तुम्हालाही ठाऊक आहे. शेल आहे, म्हणजे तोच काळा पडदा, ८०८६ पोर्टवर कर्ल आहे, पायथनची लायब्ररी आहे, ग्राफाना आहे. क्वेरीची भाषा तर आवृत्तीगणिक बदलली: आधी इन्फ्लक्सक्यूएल, २.० मध्ये फ्लक्सचा गाजावाजा, ३ मध्ये फ्लक्स गायब आणि एसक्यूएल हजर. कुठूनही विचारा, उत्तर एकच, असं मीच छातीठोकपणे सांगत फिरायचो.

औसा तालुक्यात आमच्या रानात पर्जन्यमापक लावलाय. आत वाटी आहे, ०.२ मिलिमीटर पाणी साचलं की ती कलंडते आणि इन्फ्लक्समध्ये एक नोंद जाते. सप्टेंबरअखेरची रात्र, सोयाबीन कापून रानात वाळत पडलेलं. एकच्या सुमाराला पाऊस कोसळायला लागला तो आठला थांबला. सव्वानऊला तात्यांचा, म्हणजे माझ्या चुलत्यांचा फोन.

"किती झाला रे? पासष्टच्या वर गेला का?"

महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर पडला की अतिवृष्टी, हे आमच्याकडं शाळकरी पोरालाही पाठ असतं. मी लातुरात चहा पीत मोबाइलवर डॅशबोर्ड उघडला. दोन खांब. काल ४७, आज ३४.

"नाही तात्या, कुठला दिवस पासष्टला पोचला नाही."

"मग कशाला उगं पळापळ करायची," म्हणाले आणि फोन ठेवला.

काढणीनंतरचं नुकसान तेव्हा पीकविम्याला ७२ तासांत कळवावं लागायचं. तात्यांनी कळवलं नाही. बांधाला बांध असलेल्यांनी कळवलं. चौथ्या दिवशी मंडळाचा आकडा कानावर आला, पासष्टच्या चांगलाच वर. तेव्हा मी पहिल्यांदा ४७ आणि ३४ ची बेरीज केली. ८१. पाऊस एकच होता, दोन दिवसांत वाटला होता तो मी.

इन्फ्लक्स वेळ यूटीसीत धरतो, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं असलेल्या जागतिक वेळेत. 'ग्रुप बाय टाइम' एक दिवस, म्हणजे दिवसवार बेरीज कर, एवढंच लिहिलं, की त्याचा दिवस उलटतो आपल्या पहाटे साडेपाचला. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते साडेआठ, यूटीसीत बरोबर ३ वाजता. त्या क्वेरीत ३ तासांचा ऑफसेट, म्हणजे दिवसाची सुरुवात तेवढी पुढं सरकवणं, हवा होता, बस. आणि मनाला लागलं ते याहून वेगळंच: खांबावर बोट ठेवलं की ०५:३० असं लिहून यायचं. वर्षभर बघत होतो. असेल काहीतरी, म्हणत होतो.

मग ग्राफानाचा काय दोष? काहीच नाही. तीच क्वेरी शेलमध्ये टाकली असती तरी ४७ आणि ३४ च आले असते. तेव्हाचा मी हेच तोंडावर फेकतो: मग हातानं टाइप करून काय मिळवलंस? मी म्हणतो, ऑफसेट स्वतः लिहावा लागतो, आणि लिहिताना प्रश्न पडतो की दिवस नेमका कुणाचा. तो म्हणतो, एकदा डॅशबोर्डात घाल की! घातलाय. तरी रोज शेल उघडतो.

शिवाय घरच्यांना 'आजचा पाऊस' मध्यरात्रीपासूनचा हवा असतो. तिथं एशिया/कोलकाता असा टाइमझोन द्यावा लागतो, आकडा तिसराच येतो. फ्लक्सचं अॅग्रिगेटविंडो तर आपणहून खिडकीच्या, म्हणजे बेरजेच्या कालावधीच्या, शेवटाची वेळ छापतं, म्हणजे तोच पाऊस पुढच्या तारखेला. गंमत म्हणजे हवामान खातंही साडेआठला मोजलेला पाऊस त्याच सकाळच्या तारखेवर मांडतं. कोण बरोबर, ते मला विचारू नका.

तात्यांना खरं कारण सांगायला मला तीन आठवडे लागले. ऐकून काही बोलले नाहीत. नंतर गच्चीवर प्लास्टिकचा पर्जन्यमापक बसवला. रोज साडेआठला बघतात, कॅलेंडरवर लिहितात आणि मला फोन करून माझा आकडा विचारतात. परवा त्यांचा ३२, माझा २९.४. जोराच्या पावसात वाटी कलंडेपर्यंत थोडं पाणी निसटतं, त्यात क्वेरीचा काही संबंध नाही. पण हे त्यांना सांगायचा धीर अजून झालेला नाही.