पंचावन्न फुटांची शर्यत आणि दारावरचं नाव

पाव मैल म्हणजे १३२० फूट. अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंगचं सगळं गणित या अंतरावर उभं आहे. दोन गाड्या, सरळ रस्ता, दिवा हिरवा झाला की सुटायचं. वळण नाही, दुसरी फेरी नाही. आता गाडी चोवीस पटींनी लहान करा. रस्ताही चोवीस पटींनी आखडतो आणि उरतात बरोबर ५५ फूट. एवढी जागा इंडियानातल्या कुठल्याही जुन्या गोदामात सापडते. तिथे रंगते ती स्लॉट कारची, म्हणजे खाचेतून पळणाऱ्या खेळण्यातल्या गाड्यांची, शर्यत. लाकडी ट्रॅक, त्यात दोन खाचा, खाचेच्या दोन्ही अंगांना तांब्याच्या वेण्या आणि वेण्यांतून वीज. गाडीच्या पोटातली मोटर ती वीज ओढते आणि चांगली गाडी सेकंदाच्या आत पलीकडच्या टोकाला पोचते. शिंक आली तर शर्यत हुकली म्हणून समजा.

मी कोलंबसला राहतो. इंडियानातलं कोलंबस, इंडियानापोलिसच्या दक्षिणेला साधारण तासाभरावर. पुण्याहून कमिन्स या इंजिनांच्या कंपनीत आलेली मराठी घरं इथे बरीच आहेत, आमचं त्यांतलंच एक. इंडियानापोलिस म्हटलं की लोकांना ‘इंडी ५००’ ही मोटारशर्यत आठवते, पण शहराच्या पश्चिमेला ड्रॅग रेसिंगचाही एक ट्रॅक आहे आणि तिथे १९६१ पासून ‘यूएस नॅशनल्स’ भरते, सप्टेंबरच्या सुरुवातीला, लेबर डेच्या सुट्टीला जोडून. जवळच्या ब्राउन्सबर्ग गावात मोठमोठ्या संघांच्या कार्यशाळा आहेत. नायट्रोमिथेन या इंधनावर चालणारी गाडी सुटते तेव्हा आवाज कानांना ऐकू येण्याआधी छातीला कळतो. खेड तालुक्यात बैलगाड्याच्या घाटावर वाढलेल्या माणसाला यात नवल वाटत नाही. तिथेही वर्षभराची मेहनत काही सेकंदांत घाट चढून जाते आणि मग पुढचा बैल कसा होता याची चर्चा दिवाळीपर्यंत पुरते.

आमच्या शेजारी एक निवृत्त टूलमेकर आहेत, पंचाहत्तरीच्या पुढचे. आमची मुलं त्यांना ग्रँडपा म्हणतात, मीही आता तेच म्हणतो. त्यांच्या तळघरात कपाटभर स्लॉट कार आहेत. त्यांच्यामुळे मी गोदामातल्या त्या ट्रॅकवर गेलो. मोटर, गिअर, टायर यांत मला रस वाटेल असं त्यांनी धरून चाललं होतं, शेवटी मी इंजिनवाला. पण मला भुरळ पडली ती रंगाची.

कारण रंगाने गाडी पळत नाही. उलट वजन वाढतं. तिथे बसलेली मंडळी हरभऱ्याएवढं शिसं कुठे चिकटवायचं यावर अर्धा तास वाद घालतात आणि तीच मंडळी सेकंदभर दिसणाऱ्या गाडीच्या दारावर भिंगातून पाहून अक्षरं बसवतात. या विसंगतीबद्दल विचारलं तर खांदे उडवतात. बिनरंगाची गाडी घेऊन आलेल्या माणसाशी मात्र जरा कमीच बोलतात.

गाड्यांचे दोन पंथ आहेत. एक पारदर्शक पॉलिकार्बोनेटच्या पातळ सालीचा, जिला सगळे लेक्सन म्हणतात. दुसरा कडक बॉडीचा, म्हणजे मॉडेल किटमधल्या प्लॅस्टिकचा किंवा रेझिनचा. वेगवाले पहिल्या पंथात, आठवणीवाले दुसऱ्यात. रंगही वेगळे. ‘तामिया’ कंपनीच्या फवाऱ्यांत पीएस लिहिलेला डबा लेक्सनसाठी आणि टीएस लिहिलेला किटच्या प्लॅस्टिकसाठी. लेक्सनची साल धडकेत वाकते, तिच्यावर साधा रंग मारला तर तो पापुद्रे होऊन निघतो. पीएसचा रंग साध्या प्लॅस्टिकवर मारला तर पृष्ठभागच खाल्ला जाण्याची भीती.

लेक्सनची खरी गंमत ही, की रंग आतून लावायचा. बाहेरची बाजू चकचकीत राहते, धडक बसली तरी रंगाला ओरखडा जात नाही. पण त्यामुळे सगळा क्रम उलटा होतो. जे सर्वांत वर दिसायचं ते सर्वांत आधी. पट्टे, ज्वाळा, बारीक रेघा पहिल्यांदा, मग मुख्य रंग, मग त्याच्या पाठीला आधाराचा रंग. खिडक्या आधी टेपने झाकायच्या. नक्षीसाठी द्रवरूप मास्क मिळतो. तो आतून लावायचा, वाळला की धारदार पात्याने नक्षी कापायची आणि एकेक तुकडा सोलत रंग भरत जायचं. पात्याचा दाब असा हवा की मास्क कापला जावा आणि साल नाही. हे कुणी शिकवू शकत नाही, बोटांना कळावं लागतं.

आधाराच्या रंगाचं महत्त्व मला गुलाबी रंगाने पटवलं. शर्ली मल्डाउनी ही ड्रॅग रेसिंगमधली थोर बाई. १९७७ साली टॉप फ्युएल या सर्वांत वेगवान वर्गाचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवणारी पहिली महिला, पुढे १९८० आणि १९८२ ला पुन्हा. गाडी गडद गुलाबी. तिची प्रतिकृती करायची, तर गुलाबीच्या पाठीला पांढरा हवाच. गुलाबी आणि पिवळा हे रंग पातळ असतात, मागे काळोख असला तर मळकट दिसतात. काही जण वजन वाचवायला पांढरा थर गाळतात. ट्रॅकवरच्या दिव्याखाली अशा गाडीचा रंग शिळ्या बीटाच्या कोशिंबिरीवर जातो.

कँडी रंगांचं तंत्र याहून सुंदर. साध्या बॉडीवर आधी चंदेरी थर, त्यावर पारदर्शक लाल. प्रकाश लाल थरातून आत जातो, चंदेरीवर आपटून परत येतो, म्हणून रंगाला खोली येते. कँडी ॲपल रेड हा प्रकार पन्नासच्या दशकात कॅलिफोर्नियाच्या जो बेलनने रूढ केला असं मानतात. लेक्सनवर हेच उलटं: आधी पारदर्शक लाल, मागून चंदेरी. लाल थर एकसारखा बसला की नाही हे चंदेरी मारेपर्यंत नीट कळत नाही, आणि कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

हवामानाचा जाच इथेही आहे. इंडियानाचा जुलै चिकट. दमट हवेत लॅकर मारला की तो ओलावा धरतो आणि दुधाळ पडतो. जानेवारीत गॅरेज गोठलेलं. म्हणून रंगकाम मे आणि ऑक्टोबरात, आणि डबा फवारण्याआधी कोमट पाण्यात ठेवायचा, म्हणजे आतला दाब वाढून फवारा बारीक येतो. घरात फवारायचं नाही, हा आमच्या घरचा नियम आहे आणि तो मी केलेला नाही.

आता डिकॅल, म्हणजे नावं-चिन्हांची पातळ छापील चित्रं. पाण्यात भिजवून सरकवायचे. आपल्याकडे मॉडेल विमानांच्या खोक्यांत यायचे तेच. कागद कोमट पाण्यात काही सेकंद बुडवायचा, बाहेर काढून चिमट्याने धरून थांबायचं. घाई केली की फाटतो. गाडीवर जागा ओली करायची, डिकॅल सरकवायचा, कुंचल्याने हलवून जागेवर आणायचा, मग मऊ कापडाने पाणी मधून बाहेर टिपायचं. त्याआधी रंगावर चकचकीत क्लिअरचा, म्हणजे पारदर्शक वॉर्निशचा, थर हवा. मॅट रंगाचा पृष्ठभाग खडबडीत असतो. डिकॅलखाली हवेचे सूक्ष्म बुडबुडे अडकतात आणि तिरपा प्रकाश पडला की अक्षरांभोवतीची पारदर्शक फिल्म चंदेरी चमकते. इथे याला सिल्व्हरिंग म्हणतात. एकदा नजर बसली की दुसरं काही दिसत नाही.

‘मायक्रो सेट’ आणि ‘मायक्रो सोल’ या दोन बाटल्या प्रत्येकाच्या टेबलावर असतात. पहिली डिकॅलखाली, पकड यावी म्हणून. दुसरी वरून, फिल्म मऊ होऊन दाराच्या फटीत, बिजागरीच्या उंचवट्यावर बसावी म्हणून. दुसरी लावली की डिकॅलला सुरकुत्या पडतात आणि नवखा माणूस घाबरून त्या बोटाने सरळ करायला जातो. हात लावायचा नाही. वाळताना तो आपोआप ताणला जातो. फट ओलांडून गेलेला डिकॅल वाळला की फटीवरून पातं फिरवायचं आणि पुन्हा थेंबभर मायक्रो सोल सोडायचं. तेव्हा ते नाव चिकटवलेलं न वाटता दारावर रंगवलेलं वाटतं.

हे झालं हातांचं. डोक्याचं काम वेगळं, आणि ग्रँडपांचा खरा जीव त्यात. गाडी कुठल्या वर्षाची आहे? मग दारावर त्या वर्षी कुठली नावं असू शकत होती? विन्स्टन सिगारेटने राष्ट्रीय मालिकेचं प्रायोजकत्व १९७५ साली घेतलं आणि ते २००१ पर्यंत टिकलं. १९७४ ची गाडी म्हणून सांगता आणि तिच्यावर विन्स्टन? त्यांनी एका तरुणाला भर ट्रॅकवर हे ऐकवलं, तेही गाडी जिंकल्यावर. मला तो आगाऊपणा वाटला होता. आता माझीही नजर आधी दारावरच जाते.

या नावांचा इतिहास मोठा मजेशीर आहे. साठच्या दशकापर्यंत बहुतेक गाड्यांवर मालकाचं नाव, गावाचं नाव, ओळखीचं गॅरेज, सुटे भाग देणारं दुकान, एवढंच असायचं, आणि ते साइन पेंटर हाताने लिहीत. मग १९७० साली डॉन प्रुधोम आणि टॉम मॅक्यूएन, म्हणजे ‘स्नेक’ आणि ‘मुंगूस’, यांच्या गाड्यांवर ‘हॉट व्हील्स’ आलं. पिवळी बाराकुडा आणि लाल डस्टर. खेळण्यातल्या गाड्या करणाऱ्या मॅटेल कंपनीने खऱ्या गाड्यांवर पैसा लावला. मोटारधंद्याबाहेरचा मोठा पैसा या खेळात शिरला तो असा. (प्रुधोम स्वतः तरुणपणी वडिलांच्या गॅरेजात गाड्या रंगवायचा.) आज लोक तीच खेळण्याची जाहिरात मोठ्या गाडीवरून उतरवून परत खेळण्यावर बसवतात, आणि तिच्यासाठी खिशातून पैसे मोजतात.

ग्रँडपांच्या आवडत्या गाडीवर एका मफलरच्या दुकानाचं नाव आहे. ते दुकान त्यांच्या मेहुण्याचं होतं, केव्हाच बंद पडलं. बाजारात त्याचा डिकॅल कुठून मिळणार? घरी छापावा लागतो. इथे एक मोठी अडचण येते: घरचा इंकजेट पांढरा रंग छापू शकत नाही. पारदर्शक कागदावर छापलं तर गडद गाडीवर अक्षरं बुडून जातात. पांढऱ्या कागदावर छापलं तर प्रत्येक अक्षराची कड कात्रीने काढावी लागते. जपानच्या ‘आल्प्स’ कंपनीचे जुने प्रिंटर पांढरा छापायचे, ते बनायचे थांबले तरी डिकॅलवाले अजून जिवापाड जपतात. इंकजेटवर छापलेल्या कागदावर पाण्यात टाकण्यापूर्वी क्लिअरचे थर मारावे लागतात, नाहीतर शाई पाण्यात उतरते.

यंदा मी १९६६ ची शेव्हरोले नोव्हा करतोय, कडक बॉडी, गडद निळी. दारावर काय लिहायचं हा प्रश्न आला. मला देवनागरी हवी होती. ग्रँडपांनी सरळ नकार दिला. १९६६ च्या नोव्हावर हिंदुस्थानी अक्षरं कुठून येणार? चालणार नाही.

मग मला आमचे काका आठवले. ते कोथरूडच्या कारखान्यात नोकरीला होते. किर्लोस्कर कमिन्स ही कंपनी १९६२ साली निघाली, पुण्याच्या किर्लोस्करांची आणि आमच्या या कोलंबसच्या कमिन्सची मिळून. म्हणजे १९६६ ला कोलंबस आणि कोथरूड यांचं नातं चार वर्षांचं होतं. पुण्याचा एखादा तरुण इंजिनिअर प्रशिक्षणाला इथे आला, त्याने नोव्हा घेतली आणि शनिवारी ट्रॅकवर नेली, हे अशक्य मुळीच नाही. शिवाय कमिन्सला शर्यतीचं वावडं कधीच नव्हतं. १९५२ साली त्यांच्या डिझेल गाडीने इंडी ५०० ला सुरुवातीच्या रांगेत सर्वांत पुढची जागा पटकावली होती.

हे सगळं मी त्यांना कुंपणापाशी उभं राहून सांगितलं. ते बराच वेळ गप्प. मग म्हणाले, ठीक आहे, पण अक्षरं त्या काळातली हवीत, संगणकातली नकोत.

मुद्दा बरोबर आहे. आजचा फॉन्ट साठच्या दशकात नव्हता. शिवाय चार मिलिमीटर उंचीच्या अक्षरात अनुस्वार आणि वेलांटी छापताना गायब होतात, त्यामुळे जाड, पेंटरच्या हातची अक्षरंच सोयीची. काकूंना फोन केला, तर त्यांनी जुने कागद रद्दीत दिलेत. म्हणून आता तुम्हालाच विचारतो. कुणाच्या घरी त्या काळातलं किर्लोस्कर कमिन्सचं कॅलेंडर, लेटरहेड, दिवाळीचं शुभेच्छापत्र किंवा कारखान्याच्या फाटकापुढे काढलेला फोटो असेल, तर वरून सरळ, सावली न पाडता टिपून पाठवा. देवनागरी असेल तर उत्तम. इंग्रजी असेल तर तेही चालेल, दुसऱ्या दारावर लावीन. ऑक्टोबरच्या आत मिळालं तर बरं, त्यानंतर गॅरेज गार पडतं.