दोन डबे

26 नोव्हेंबर 2025, संविधान दिन. सकाळी मी एका उच्च माध्यमिक विद्यालयात वादविवाद स्पर्धेची परीक्षक होते आणि दुपारपासून कोर्टात वकील म्हणून रिमांड ड्युटीवर. सकाळी दिलेले गुण मला अजून टोचतात, म्हणून हे लिहितेय.

स्पर्धेचा विषय मीच सुचवला होता : माणसाचं स्वातंत्र्य राखायला घटनेतला कुठला हक्क सगळ्यात मोलाचा? मुलं छान तयारी करून आली होती. एकाने कलम 19 धरलं. 18 जून 1946 ला मडगावात पोर्तुगीजांनी राममनोहर लोहियांना भाषण करू दिलं नाही, तिथून सुरुवात करून तो म्हणाला, की बोलायची आणि जमायची मोकळीक नसेल तर बाकीचे हक्क मागणार कोण आणि कुठे? दुसऱ्याने 21, म्हणजे जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क घेतला आणि थेट गोवा मुक्तीसाठी लढलेल्या मोहन रानड्यांवर आला. गोवा 1961 च्या डिसेंबरात मुक्त झाला, रानडे मात्र पोर्तुगालच्या तुरुंगातून सुटले 1969 साली. भूमी सुटली म्हणून माणूस सुटतोच असं नाही, हे त्याचं वाक्य मला आवडलं. तिसरी मुलगी कलम 32 वर बोलली. हक्क मोडला तर थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याचा हक्क. 9 डिसेंबर 1948 ला घटना समितीत आंबेडकरांनी याच कलमाला घटनेचा आत्मा आणि हृदय म्हटलं होतं. माझंही मत तेच. तिला पहिलं बक्षीस दिलं.

चौथी मुलगी सावकाश, जरा अडखळत बोलणारी. तिने कलम 22 निवडलं होतं. अटक केली तर कारण सांगा, वकील भेटू द्या, 24 तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करा. ती म्हणाली, "सर्व हक्कांत फक्त याच हक्काला घड्याळ आहे." मी तिला प्रश्न घातला : याच कलमाच्या पुढच्या भागात प्रतिबंधक स्थानबद्धतेची सोय आहे, आरोपाशिवाय तीन महिन्यांपर्यंत डांबता येतं, ते कसं? ती गप्प झाली. मी तिचे गुण कापले. शेऱ्यात लिहिलं, "मुद्दा चांगला, पण आवाका लहान."

रिमांड ड्युटी म्हणजे काय, ते बाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसतं. वकील परवडत नाही अशा आरोपीला पहिल्यांदा मॅजिस्ट्रेटपुढे आणतात, तेव्हा विधी सेवेच्या पॅनेलवरचा वकील त्याच्या बाजूने उभा राहतो. पोलीस बहुतेक वेळा कोर्ट उठायच्या बेतात असतानाच आरोपीला आणतात. रिमांड अर्जाची, म्हणजे कोठडी मागणाऱ्या अर्जाची, प्रत दारात हातात पडते, पंधरा मिनिटं मिळाली तर पुष्कळ. नवे वकील आधी आरोप वाचतात. मी आधी वेळा वाचते. एफआयआर किती वाजता, अटक किती वाजता, आरोग्य केंद्रात तपासणी किती वाजता, घरच्यांना कळवलं किती वाजता. समासात पेनाने एकाखाली एक उतरवून काढते. मजकूर सगळीकडे सारखाच असतो, छापल्यासारखा. घोळ असलाच तर तो वेळांमध्ये असतो. एकदा अटकेच्या आधी दहा मिनिटं डॉक्टरांनी "अटकेतील इसम" तपासल्याचं सापडलं होतं. हे काम मला चांगलं जमतं आणि त्याचा मला अभिमान आहे.

त्या दिवशी साडेचारला एका पाडेल्याला आणलं. नारळ पाडणारा, बावीस वर्षांचा पोरगा. एका कुळागरातले, म्हणजे माड-पोफळीच्या बागेतले, पाण्याचे दोन पंप आणि वायर गेली होती. हा तिथे पाडणीला जायचा, म्हणून संशय. गुन्हा साध्या चोरीचा, शिक्षा जास्तीत जास्त तीन वर्षं. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात आधी नोटीस द्यायची, सरसकट अटक करायची नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली अर्नेश कुमारच्या निकालात बजावलंय. तरी दर आठवड्याला मला हेच पुन्हा सांगावं लागतं. अशा अटकांमागे बहुतेक वेळा तपासाची निकड नसते, फिर्यादीला दाखवायला कुणीतरी आत असावा लागतो. हे माझं मत आहे आणि ते मी मागे घेणार नाही.

वेळा मी उतरवल्या. अटक मंगळवारी रात्री सव्वाआठ, तपासणी नऊ, आईला कळवलं साडेनऊ. कोर्टात हजर बुधवारी साडेचार. वीस तास पंधरा मिनिटं. कागद स्वच्छ होता.

व्हरांड्यात पोराला विचारलं, तर खालच्या आवाजात म्हणाला, "सोमवारी सांजेला नेलं." म्हणजे जवळजवळ दोन दिवस. मी आत हे मांडलं. मॅजिस्ट्रेट मॅडमनी त्यालाच विचारलं, "कधी नेलं तुला?" हवालदार त्याच्या डाव्या खांद्यापासून हातभर अंतरावर उभा होता. पोराने त्याच्या बुटांकडे पाहिलं आणि सांगितलं, "काल रात्री."

रेकॉर्डवर तेच गेलं.

माझ्याकडे दुसरा मुद्दा होता. अटकेची कारणं दिल्याचा कागद इंग्रजीत होता आणि खाली त्याची सही देवनागरीत. बरोबर वीस दिवसांपूर्वी, 6 नोव्हेंबरला, तेव्हाचे सरन्यायाधीश गवई यांच्या पीठाने मिहीर शहा प्रकरणात सांगितलं होतं, की गुन्हा कुठलाही असो, अटकेची कारणं लेखी द्या, त्या माणसाला समजणाऱ्या भाषेत द्या, आणि रिमांडच्या निदान दोन तास आधी द्या. नाहीतर अटक बेकायदा. निकालाची प्रत माझ्या बॅगेत होती. तपास अधिकारी म्हणाले, तोंडी समजावलंय. मॅडमनी तो कागद पोराच्या हातात दिला. "वाच." नववीपर्यंत मराठी शाळेत शिकलेला मुलगा. त्याने कागद दोन्ही हातांनी धरला, डोळ्यांजवळ नेला, मग परत टेबलावर ठेवला आणि बोट आपल्या सहीवर टेकवलं. "हे माझं नाव," म्हणाला.

मॅडमनी कोठडी नाकारली आणि त्याला सोडलं. पोलिसांना लेखी कारणं देऊन पुन्हा अर्ज करायची मुभा आहेच, पण त्या रात्री तो घरी गेला. वीस दिवस जुना निकाल एवढ्या लहान कोर्टात वाचून, समजून लगेच लागू करणारे मॅजिस्ट्रेट सर्वत्र भेटत नाहीत. त्यांच्याबद्दल मला आदर आहे.

पायऱ्यांवर त्याची आई होती. दुपारपासून बाहेरच्या बाकावर बसलेली. तिने पोराला हात लावून पाहिला आणि मग जीपजवळ जाऊन म्हणाली, "म्हजे डबे मेळटले मू? दोन आसात. सोमाराचो आनी कालचो."

एका तरुण शिपायाने काही विचार न करता जीपमधून प्लास्टिकची पिशवी आणून दिली. आत दोन स्टीलचे डबे. तिने तिथेच उघडले. एकात भाताची चार शितं आणि बांगड्याचे काटे. दुसरा भरलेला : मुगागाठी, भात, वर पांढरा तवंग, आंबूस वास. "सोमार, म्हणून शिवराक दिल्लें," ती म्हणाली. शिवराक म्हणजे शाकाहारी. पोरगा म्हणाला, "म्हाका सोमाराचो मेळूंकच ना."

मी तिथेच उभी राहिले. तासभर मी वेळ शोधत होते ती कागदांत. ती वेळ दारापासून दहा पावलांवर बाकावर बसली होती आणि मी तिला एक शब्द विचारला नव्हता. आईने आधी सांगितलं असतं, तर पोराच्या "काल रात्री"ला काहीतरी उत्तर देता आलं असतं. आम्ही जिंकलो ते भाषेच्या मुद्द्यावर. सोमवारची रात्र कुठल्याच कागदावर आली नाही.

घरी आल्यावर मी घटना समितीची चर्चा काढून बसले. कलम 22 चा मसुदा, तेव्हाचं 15 अ, आंबेडकरांनी सप्टेंबर 1949 मध्ये मांडला. कलम 21 मधून "ड्यू प्रोसेस", म्हणजे न्याय्य, रीतसर प्रक्रिया, हे शब्द गेल्यामुळे बरेच सदस्य नाराज होते. कायदेमंडळ उद्या काहीही कायदा करून माणसाला आत टाकेल ही भीती होती. ती भरपाई म्हणून हे कलम आलं. म्हणजे ती मुलगी ज्याला घड्याळ म्हणत होती, ते मुद्दाम, उणीव ओळखून बसवलेलं होतं. माझा प्रश्नही खोटा नव्हता, स्थानबद्धतेची सोय त्याच कलमात आहे. आणि माझं लाडकं 32? आणीबाणीत राष्ट्रपतींच्या आदेशाने तेच दार बंद झालं आणि 28 एप्रिल 1976 ला सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी ते बंदच राहू दिलं. एकटे न्यायमूर्ती खन्ना विरोधात. पुढे घटनेच्या 44 व्या दुरुस्तीने आणीबाणीतही हात लावता येणार नाही अशी दोनच कलमं ठेवली, 20 आणि 21. त्या यादीत 32 नाही आणि 22 पण नाही.

मी कितीही उलटसुलट केलं तरी त्या पाडेल्यापाशी येऊन थांबते. सर्वोच्च न्यायालयापर्यंत जायचा हक्क त्याला होता. 24 तासांचाही होता. पण ते 24 तास कधी सुरू झाले, हे लिहिणारं पेन ज्यांच्या हातात होतं त्यांनीच त्याला नेलं होतं.

पोराला तक्रार नको आहे. त्याला त्याच गावात माडांवर चढायचंय, मी त्याला दोष देत नाही. आईला मात्र हवी आहे. ठाण्यातल्या सीसीटीव्हीचं चित्रण निदान वर्षभर जपून ठेवायचं, असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर 2020 चा आदेश आहे. सोमवारच्या संध्याकाळपासूनचं चित्रण राखून ठेवा, असा अर्ज तिच्या नावाने दिलाय. सोबत डब्याचे फोटो आणि तिचं प्रतिज्ञापत्र. तारखा पडताहेत. त्या मुलीच्या शाळेलाही मी पत्र लिहिलं. निकाल बदलत नाही, पण तिला माझा शेरा चुकला हे कळावं.

सोमवारचा डबा धुऊन माझ्या ऑफिसच्या कपाटात ठेवलाय. लग्नातला आहे, झाकणावर तिच्या गेलेल्या नवऱ्याचं नाव कोरलेलं. परवा तिचा फोन आला, डबा कधी मिळेल म्हणून. म्हटलं, केस संपेपर्यंत राहू दे का?

जरा वेळ थांबून म्हणाली, "आसूं दी. पूण झाकण सांबाळ, बाये."