आकार बदलला, तक्ता तसाच

क्यूजीआयएस या नकाशे बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये पेन्सिलीच्या चिन्हावर क्लिक केलं की लेयर, म्हणजे नकाशाचा एक थर, संपादनासाठी खुला होतो. मग माझा क्रम ठरलेला: आधी आकार, नंतर माहिती. उलट केलं तर काम दुप्पट होतं.

कारण असं. बहुभुजाचा एखादा कोपरा व्हर्टेक्स टूलने सरकवला की नकाशावरची हद्द लगेच बदलते, पण लेयरच्या माहितीच्या तक्त्यात साठवलेलं क्षेत्रफळ जुनंच राहतं. त्याला हललेल्या कोपऱ्याचा पत्ताच नसतो! फील्ड कॅल्क्युलेटर उघडून ते पुन्हा काढावं लागतं. व्हर्च्युअल फील्ड (सूत्रावर चालणारा रकाना) केलं तर आकडा आपोआप बदलतो, मात्र ते प्रोजेक्टमध्ये राहतं, मूळ फाइलमध्ये नाही. फाइल दुसऱ्याला द्यायची असेल तर मी साधा रकानाच ठेवते.

तुकडे करताना तर डोळे उघडे ठेवाच. स्प्लिटने एका भूखंडाचे दोन केले की सहसा दोघांनाही जुनीच माहिती मिळते, म्हणजे एकच क्रमांक दोनदा. मी लगेच दोन्ही ओळी निवडून क्रमांक तपासते.

शेजारच्या भूखंडांची सामाईक हद्द हलवायची असेल तर टोपोलॉजिकल एडिटिंग (सामाईक कोपरे एकत्र हलवणारी सोय) चालू हवं. नाहीतर मध्ये बारीक फटी राहतात. त्या झूम केल्याशिवाय दिसत नाहीत आणि पुढे हिशोबात छळतात.

आणि शेपफाइल हा जुना फाइल-प्रकार? रकान्याचं नाव रोमन लिपीत जेमतेम १० अक्षरांचं. मी नवीन काम जिओपॅकेज या दुसऱ्या फाइल-प्रकारातच करते. शेपफाइल कुणी हट्टाने मागितली तरच, तीही अगदी शेवटी, एक्स्पोर्ट करून देते.