निपाणीची कॉट आणि तपकिरीचा डबा

सातव्या महिन्यातच डॉक्टरीणबाईंनी सांगून टाकलं, याही वेळी सिझरच. थोरल्याच्या वेळी रात्री दर दोन तासांनी टाक्यांवर हात धरून पलंगावरून उतरायचं, झोळीतून त्याला उचलायचं, ते आठवूनच मला घाम फुटला. म्हणून यंदा पलंगाला लावून ठेवायची कॉट घ्यायची ठरवली. नव्या कॉटची किंमत बघून नवऱ्यानं फोन पालथा ठेवला. मग जुनी शोधायला लागलो.

"आमची तिघंबी झोळीतच वाढली की गं," सासूबाई म्हणाल्या. खरंच आहे ते. पण त्यांच्या पोटावर टाके नव्हते.

पहिली बघितली बेळगावातच, टिळकवाडीत. दुबईहून आणलेली, जाळीची, देखणी. पलंगाला बांधायच्या दोन पट्ट्यांपैकी एक गायब. "नाडीनं बांधा की, काय होतंय!" मालकीणबाई म्हणाल्या. या कॉटची एक बाजू उघडीच असते. ती घट्ट बांधलेली नसेल तर रात्रीत सरकते, पलंग आणि कॉटमध्ये फट पडते आणि बाळ त्यात घसरून त्याचा श्वास कोंडू शकतो. चहा घेतला आणि उठलो.

दुसरी शहापुरातल्या जुन्या फर्निचरच्या दुकानात. लाकडी, पांढरीशुभ्र, एक बाजू वरखाली सरकणारी. "घ्या की अक्का, हत्ती बसला तरी मोडत नाही." मी पर्समधून टेप काढली तसा दुकानदाराचा चेहरा उतरला. दोन गजांमध्ये ८ सेंटीमीटर. साडेसहाच्या वर अंतर नको, कारण पाय आणि अंग निसटतं, डोकं मात्र अडकतं. सरकत्या बाजूची कडी बोटानं हलत होती. असल्या सरकत्या बाजूच्या कॉट विकायला अमेरिकेत २०११ पासून बंदी आहे, कड्या झिजून बाजू निखळते म्हणून. शिवाय पांढऱ्या रंगाचा टवका उडाला होता, त्याखाली हिरवा, त्याखाली आणखी कुठला तरी. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशाला ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा लागू झाली ती नोव्हेंबर २०१७ पासून. त्या हिरव्याचं वय कोण सांगणार? आणि दात येताना पोरं पहिल्यांदा कठडाच चावतात.

तिसरी निपाणीला, एका निवृत्त मास्तरांकडे. नातवासाठी घेतलेली, नातू आता शाळेत. दोन्ही पट्टे जागेवर, माहितीपुस्तिका प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि सगळे स्क्रू तपकिरीच्या पत्र्याच्या डब्यात, वर चिठ्ठी: 'एकूण १६ नग'. मी मोजले तर १४. पुन्हा मोजले, १४च. मास्तर ओशाळले. तेवढ्यात मास्तरीणबाईंनी चौकट उलटी केली, उरलेले दोन तिथंच लटकत होते. त्या माणसाच्या चिठ्ठीवर माझा जेवढा विश्वास बसला तेवढा दुकानातल्या हत्तीवर बसला नव्हता.

गादी मात्र तिथंच सोडली. चार पावसाळे माळ्यावर काढलेली, कुबट वास, मधोमध खड्डा. गणपत गल्लीत पुस्तिकेतल्या मापाची आणि जाडीची नवी करून घेतली. गादीवाला मऊ कापूस भरून द्यायला निघाला होता, "बाळाला टोचंल." त्याला समजवायला अर्धा तास गेला. तान्ह्याची गादी कडकच हवी.

बाळाच्या आधी पाळणा घरात आणायचा नाही, यावर सासूबाई अडून बसल्या. मग कॉट अनगोळला नणंदेकडे राहिली आणि जोडली गेली ती मी दवाखान्यात असताना. व्हिडिओ कॉलवर मी दवाखान्याच्या खाटेवरून नवऱ्याला हुकूम सोडत होते. पट्टे आमच्या गादीखालून पलीकडच्या बाजूला न्यायला लावले, मग म्हटलं, "हलव. अजून जोरात. आता दहा किलो तांदूळ ठेवून हलव." शेजारच्या खाटेवरची बाई पोट धरून हसत होती. तेवढ्यात मला फटीतून फरशी दिसली. पट्टा सैल होता, आणि कॉटची गादी आमच्या गादीपेक्षा दोन बोटं खाली. पाय एक खाच वर घेतले, पट्टे पुन्हा ओढले, तेव्हा फरशी दिसायची थांबली.

घरी आले तर कॉटमध्ये मोहरीची उशी, दोन दुपटी आणि एक कापडी हत्ती. डोकं गोल व्हावं म्हणून उशी सासूबाईंनी स्वतः शिवलेली. बाळाला उताणं झोपवायचं, आजूबाजूला काही मऊ ठेवायचं नाही, हे डॉक्टरीणबाईंनी त्यांच्यादेखत सांगितलं होतं. उशी मी उचलली की संध्याकाळी परत हजर, असं आठवडाभर चाललं. मग एक दिवस ती आपोआप नाहीशी झाली. मी विचारलं नाही.

आता लेक पाच महिन्यांची आहे. पुस्तिकेत लिहिलंय, बाळ हातागुडघ्यांवर उठायला लागलं की ही कॉट बंद. काल ती पालथी होऊन ढुंगण वर उचलत होती, म्हणून आज कॉट सोडायला घेतली. स्क्रू ठेवायला डबा शोधला तर तो स्वयंपाकघरात सापडला. सासूबाईंनी त्यात उशीतली मोहरी भरून ठेवलीय.