हक्क कायद्यात, पैसा अर्थसंकल्पात

दोन वर्षं उलटली तरी आमचा मुलगा बोलत नव्हता. घरून फोनवर सगळे धीर द्यायचे, "मुलगे उशिराच बोलतात." इथल्या डॉक्टरबाई मात्र थांबायला तयार नव्हत्या. त्यांनी आम्हाला रीजनल सेंटरकडे पाठवलं.

वाढीत अडचणी असलेल्यांना सेवा मिळवून देणारी अशी 21 केंद्रं कॅलिफोर्नियात आहेत. ती ना-नफा संस्था चालवतात, पैसा सरकारचा. आम्ही नागरिक नाही, म्हणून मी कचरतच फोन केला. व्हिसाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. तीन वर्षांखालच्या मुलांच्या ‘अर्ली स्टार्ट’ योजनेत तपासणी फुकट झाली आणि स्पीच थेरपिस्ट घरी येऊ लागली. स्वयंपाकघरात फरशीवर बसून ती वाटीतला एकेक चुरमुरा पुढे धरायची आणि तो काहीतरी बोलेपर्यंत थांबायची. त्याचा पहिला "दे" तिथेच ऐकला. "घरात मराठीच बोला," हेही तिनेच बजावलं.

हे कुणाच्या मेहेरबानीवर चाललेलं नाही. पालकांच्या लढ्यातून 1969 साली इथे लँटरमन कायदा झाला. स्वमग्नता (ऑटिझम), सेरेब्रल पाल्सी, अपस्मार, बौद्धिक अक्षमता यांसारख्या अवस्थांमुळे ज्यांच्या जगण्यात मोठी अडचण येते, त्यांना आयुष्यभर सेवा मिळणं हा त्याने हक्क ठरवला. टेक्सासात अशाच सेवांसाठी लोक वर्षानुवर्षं यादीत ताटकळतात. (आपल्याकडे भारतात नॅशनल ट्रस्ट या सरकारी संस्थेची ‘निरामय’ विमा योजना आहे, वर्षाला 1 लाख रुपयांपर्यंत, त्यात थेरपीचा खर्चही बसतो. स्वमग्न किंवा सेरेब्रल पाल्सी असलेलं मूल घरात असेल तर जरूर चौकशी करा.)

पण हक्कालाही कात्री लागते. 2009 च्या मंदीत राज्याची तिजोरी रिकामी झाली, तेव्हा या मुलांची शिबिरं, खेळ, संगीत आणि नृत्याच्या थेरपी यांचा खर्च थांबवला गेला. तो पुन्हा सुरू झाला थेट 2021 मध्ये. 2009 मध्ये नऊ वर्षांचं असलेलं मूल तोवर एकवीस वर्षांचं झालं होतं. त्याचं बालपण कोण भरून देणार? वाचलेल्या पैशांचा हिशोब मांडताना हा खर्च कुणी धरत नाही, याचा मला अतोनात राग येतो.

दर जानेवारीत गव्हर्नर अंदाजपत्रक मांडतात, मे महिन्यात ते सुधारतं, जूनच्या मध्याला मंजूर होतं. मधल्या काळात राज्याच्या राजधानीत, सॅक्रामेंटोत, विधिमंडळाच्या समित्यांपुढे पालक रांगेने उभे राहून जेमतेम मिनिटभर बोलतात. यंदा त्या रांगेत आम्ही दोघंही असू.