पाऊण तासाचं तिरुपती

कोल्हापूर-तिरुपती थेट विमान सुरू होतं तेव्हाची गोष्ट. सांगलीत माझं तिकिटांचं ऑफिस. एका सकाळी बेदाण्याचे एक व्यापारी आले, सोबत आई, बायको, पोरं, मेव्हणा. काउंटरवर मोबाईल ठेवून म्हणाले, "हे बघा, ६५५ किलोमीटर. विमान ताशी आठशेनं जातंय. पाऊण तासात तिरुपती! दुपारी एकचं दर्शन आहे, सकाळचं विमान बघा."

तीनशे रुपयांचं विशेष दर्शन त्यांनी आधीच काढलेलं होतं. त्यावर हजर राहायची वेळ छापलेली असते.

अंतर त्यांचं बरोबर होतं. पण ते नकाशावरचं सरळ रेषेतलं. आणि आठशेचा वेग जेटचा. कोल्हापूरचं विमानतळ उजळाईवाडीला, तिथली धावपट्टी तेव्हा आखूड, तिथून उडायचं ते एटीआर, दोन पंख्यांचं. ते ताशी पाचशेच्या आसपास जातं. शिवाय तिकिटावरची वेळ म्हणजे जागेवरून हलल्यापासून तिकडं जागेवर थांबेपर्यंतची. धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, वर चढणं, उतरताना वळसा, सगळं त्यात आलं. म्हणून पावणेदोन तास.

"मग साइटवर खोटं लिहिलंय का?" मेव्हण्यानं विचारलं. मेव्हणे नेहमीच विचारतात.

मी कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून हिशेब मांडला. सांगलीतून जयसिंगपूर, हातकणंगले करत विमानतळ पन्नासेक किलोमीटर. रस्त्याची अवस्था त्यांना मी काय सांगणार, दीड तास धरला. विमानतळावरचा चेक-इनचा काउंटर तासभर आधी बंद होतो, म्हणजे दीड तास आधी पोचायचं. पावणेदोन तास विमान. सामान यायला अर्धा तास. विमानतळ रेणिगुंट्याला, देव वर तिरुमलाला. मध्ये अलिपिरीला गाडीची तपासणी, मग घाट. दीड तास. बेरीज पावणेसात तासांवर गेली.

शेठ तापले. "तुम्हाला तिकिटं काढायचीत का नाही?"

काढायची होतीच, पण त्याच दिवशीची नाही. विमान दुसऱ्या गावाहून येतं. तिकडं उशीर झाला की इकडं होतोच. एवढी मोठी फॅमिली, एका दर्शनावर डाव कशाला लावायचा?

इतका वेळ गप्प बसलेल्या काकूंनी, म्हणजे शेठच्या आईनं, विचारलं, "हरिप्रिया रेल्वेला किती तास लागतात?"

"वीस-एकवीस तास, काकू."

"मिरजेला बसायचं, झोपायचं, उठल्यावर तिरुपती. मला खालचा बर्थ बघ."

शेठनी कपाळाला हात लावला. शेवटी आदल्या दिवशीचं विमान ठरलं, काकूंसकट. मुक्कामाची खोलीही तिथंच फोनवरून घेतली. माझं कमिशन म्हणाल तर काहीच वाढलं नाही. उलट गर्दीच्या वेळेत अख्खी सकाळ गेली.

निघायच्या दिवशी विमान खरंच लेट झालं. दुपारी शेठचा फोन आला. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. पण विमानतळावर बसून त्यांनी स्वतःच पुढचा हिशेब केला होता. दर्शन दुसऱ्या दिवशी, त्यामुळं घाई नव्हती. म्हणाले, "साहेब, येतानाचं आईचं विमान कॅन्सल करा. हरिप्रियाचं बघा, खालचा बर्थ. आणि तिच्यासोबत मेव्हण्याचंही."