चारजणांचा फोन

घरात फोन एकच असला की तो कुणाचा हे विचारण्यात अर्थ नसतो. दुपारी तो आईचा, संध्याकाळी गेम खेळणाऱ्या पोराचा, रात्री बातम्या लावून बसलेल्या आजोबांचा. आपल्याकडच्या कितीतरी घरांत ऑनलाइन खासगीपणाची कटकट इथूनच सुरू होते. कुठली कंपनी काय माहिती गोळा करते ही धास्ती फार पुढची. आधी नणंदेने काय वाचलं ते बघा!

फोनला लॉक लावलं की "एवढं काय लपवायचंय?" हे आलंच. म्हणून बायका फोन उघडा ठेवतात आणि आतलं एखादंच ॲप कुलपात घालतात. सबबही तयार असते: पोरं उगाच कुणालाही मेसेज पाठवतात. व्हॉट्सॲपच्या चॅट लॉकवर विसंबावं, तर ते फोनच्याच पिनने उघडतं, आणि पिन घरभर पाठ. वेगळा सीक्रेट कोड घातला आणि लॉक केलेल्या चॅट लपवल्या, तरच त्यांचा फोल्डर यादीतून नाहीसा होतो. मग सर्चच्या चौकटीत कोड टाकल्यावरच दिसतो.

पुसणं हीसुद्धा एक कलाच. अख्खी चॅट उडवली तर ती रिकामी जागाच चुगली करते, त्यामुळे नेमके दोनच मेसेज काढायचे. 'डिलीट फॉर एव्हरीवन' केल्यावर मागे मेसेज डिलीट केल्याची पाटी उरते. ती दाबून धरून 'डिलीट फॉर मी' करायचं राहूनच जातं. फोटो गुगल फोटोजमधून काढला तरी बॅकअप झालेला असेल तर तिथल्या ट्रॅशमध्ये 60 दिवस पडून असतो. सगळ्यात फितूर यूट्यूब. पाळीच्या त्रासावरचा एक व्हिडिओ पाहिला की पोराच्या कार्टूनशेजारी तसलेच चार येऊन बसतात. हिस्टरीतून तेवढाच काढता येतो, पण आधीच इन्कॉग्निटो चालू केलेलं बरं.

एवढी नजर चुकवणारं हेच घर लॉजच्या काउंटरवर आधारची झेरॉक्स मात्र बिनघोर देऊन येतं. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या 9 न्यायमूर्तींनी 2017 मध्ये एकमताने सांगितलं. झेरॉक्सच्या गठ्ठ्याला त्याचा पत्ता नाही. खरं तर आधार डाउनलोड करताना 'मास्क्ड'च्या चौकटीत टिक केली की 12 पैकी पहिले 8 अंक झाकले जातात. त्या पीडीएफला पासवर्डही असतो: इंग्रजी नावाची पहिली 4 अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्मसाल. म्हणजे नणंदेला तो सांगावाही लागत नाही.